मेंढरांनी ओळखलेलं अक्षर

बायडाबाईला अक्षर येत नव्हतं, पण हाळी येत होती. मांजरसुंब्याच्या माळावर तिच्यासारखी हाळी देणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि हे लोकांच्या आधी ती स्वतःच सांगायची. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासूनं, सारजाबाईनं, शिकवलेली ती हाळी. ओठ फुंकणीला लावल्यासारखे गोल करायचे, जीभ मात्र पुढं, खालच्या दातांना टेकवायची. त्यातून निघणारा सूर धड 'ओ' नव्हता, धड 'ए'ही नव्हता. एकदा ओढ्यात लांडगा उतरला तेव्हा त्या एका सुरावर सगळा कळप तिच्याभोवती गोळा झाला. नवरा सिदू तोवर काठीच शोधत होता.

अशा बाईचा जीव त्या आठवड्यात कशात लागत नव्हता. झाडलेलं अंगण ती पुन्हा झाडायची. भरलेली घागर हलवून बघायची.

लेक बबिता नर्सिंग शिकली होती. वर्षभर एसटीनं बीडला जाऊन जर्मन भाषेचा क्लासही केला होता. लेखी परीक्षा निघाली, तोंडी राहिली. एका अक्षरापाशी तिची जीभ अडायची, आणि एकदा अडली की ती घाबरून पुढचं सगळं विसरायची. सोमवारी पुण्यात पुन्हा तोंडी परीक्षा होती. निघाली तर जर्मनीच्या दवाखान्यात नोकरी, नाही निघाली तर घरी.

शुक्रवारी बबिता ओट्यावर आरसा घेऊन बसली होती. "ओ... ए... ओए..."

"पोरीला मळमळायलंय का काय?" सिदू म्हणाला.

"दादा, तुमी गप बसा बरं!" बबिता बापावर खेकसली.

बायडाबाईनं वहीत डोकावलं. एक गोल, त्यावर दोन ठिपके: ö.

"हे काय गं? भाकरीवर दोन तीळ?"

"अक्षर हाय, माय. जर्मन लोकायचं. तुर्की बी हेच लिहितेत, हंगेरीचे बी. स्वीडनात तर हे एकटंच अक्षर म्हंजे पाण्यातलं बेट."

"आन आपल्यात?"

"आपल्या बाराखडीत हा आवाजच न्हाई. येईल कुठून?"

तिनं मोबाइल लावला. क्लासच्या बाईंनी तो सूर लांबवून म्हटला. कुंपणाजवळ बांधलेल्या म्हाताऱ्या मेंढीनं कान टवकारले आणि दावं ताणून ती ओट्याकडं यायला लागली.

बायडाबाईच्या हातातला खराटा थांबला. मेंढीनं जे ओळखलं ते तिनंही ओळखलं. तो तिचाच सूर होता. सारजाबाईचा, माळावरचा. लेक शाळेपायी मेंढरांमागं कधी गेलीच नव्हती, तिला तो कुठून कळणार?

ती खराटा ठेवून पाण्याला गेली आणि रिकामी घागर घेऊनच परत आली. लेक अडली तर लेक राहील. हा सूर आपण दिला की ती जाईल, आणि अशा ठिकाणी जाईल जिथं आपली हाळी पोचत नाही. शनिवार असाच गेला. पोर आरशापुढं, आणि माय घरातून दारात, दारातून घरात.

"कावून फिरायलीस अशी? लांडगा दिसला का काय?" सिदूनं विचारलं.

"दिसला," ती म्हणाली. "पर कळपात न्हाई."

रविवारी सकाळी बबितानं आरसा पालथा टाकला. डोळे पुसत म्हणाली, "न्हाई जात मी, माय. हितंच बघते काय तरी."

दोन दिवस हेच ऐकायला बायडाबाईचे कान आसुसले होते. ऐकलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ऊठ! आपल्या घरात हाळी अर्धी सोडून कुणी खाली बसलं न्हाई. चल माळावर."

माळावर मेंढरं पांगली होती. बायडाबाईनं लेकीला खडकावर उभं केलं, तिची हनुवटी चिमटीत धरली. "जीभ म्होरं. दाताला टेकव. आता ती हलू न देता ओठ गोल कर. हं, दे."

बबितानं सूर काढला. एकाही मेंढराची मान वर झाली नाही.

"बघ, नापास. तुझ्या पुण्याच्या बाया फसतील, ही मेंढरं न्हाई फसायची."

"माय, मेंढरं परीक्षा घेतेत व्हय?"

"माझी त्यायनीच घेतली. सासू तिकडं बसून हसायची. दे फिरून."

दहा वेळा झालं, वीस वेळा झालं. ऊन चढलं, घसा कोरडा पडला. मग एकदा सूर असा निघाला की बायडाबाईच्याच अंगावर काटा आला. म्हाताऱ्या मेंढीनं मान उचलली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. अख्खा कळप वळला आणि बायडाबाईच्या लुगड्याला घासत, तिला ओलांडून, खडकाकडं चालू लागला.

बबिता लोकरीत गुडघ्यापर्यंत बुडाली. हसत होती, आणि त्या अक्षराचे जर्मन शब्द एकामागून एक मेंढरांना ऐकवत होती. एकाही शब्दाला अडखळली नाही.

इकडं बायडाबाई काठी धरून एकटीच उभी होती. तिच्या पायांजवळून मेंढरं दुसऱ्याच्या हाळीवर जाताना तिनं आजवर बघितली नव्हती. एक सूर काढला असता तर सगळी परत फिरली असती. ओठ आपोआप गोल व्हायला लागले. तिनं पदर तोंडावर दाबून धरला.

मग तो काढून मोठ्यानं विचारलं, "बबे, पुण्याची गाडी कितीला हाय गं?"