पहिली घागर

पेशव्यांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या आळीत आग लागली की देवळात शंख वाजायचा आणि घरटी एकाने हौदावर घागर भरून आगीकडे धावायचं, असा नेम होता. छपरं सगळी गवताची. उन्हाळाभर माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

एका दुपारी शंख वाजला. शेजारणीचं घर पेटलं होतं आणि वारा आमच्या घराकडे वाहत होता. मी घागर भरून पळालो.

तिचं घर वाचलं नाही. मी आळीवर भडकलो, "लाज नाही वाटत? पहिली घागर जो तो आपल्याच छपरावर ओततो!"

शेजारीण राखेतून तवा उचलत म्हणाली, "अहो, तुमचं छप्पर अजून निथळतंय."