दुसरा बिंदू

बिंदूबाई चिडल्या की आधी चष्मा काढून टेबलावर आपटत. आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, आणि त्यात सहा चष्मे. हे नाव त्यांना ऑफिसनंच ठेवलेलं. मोजणीचा नकाशा कॉम्प्युटरवर इमारतीच्या मॉडेलखाली बसवायचा असला, की त्या एकच प्रश्न विचारून समोरच्याचं डोकं उठवत: दुसरा बिंदू कुठला धरला? एका बिंदूवर बसवलेला नकाशा म्हणजे एका खिळ्यावर टांगलेली पाटी, कुठंही फिरते. दोन बिंदू जुळले तरच तो जागेवर बसतो. एवढं कळायला कॉलेज लागतं का, असं त्या कॉलेज शिकलेल्यांनाच विचारत.

त्या सकाळी पायाच्या खोदाईचा नकाशा काढायला त्यांनी नव्या दवाखान्याची फाइल उघडली. दवाखान्याच्या प्लॉटला लागून एका टेलरमास्तरांचं तीन खोल्यांचं घर होतं. पहिला बिंदू पुलाच्या कठड्यावरचा खिळा. तो बरोबर बसला होता. दुसरा मागच्या बाजूचा विजेचा खांब. तो एक मीटर चाळीस सेंटीमीटर सरकलेला. चष्मा आपटला गेला.

काम साहेबांच्या जावयाचं होतं. त्यानं खिळा तेवढा जुळवला आणि बाकीचा नकाशा माउसनं धरून, रस्त्याला समांतर दिसेपर्यंत गरगर फिरवला. नुसत्या डोळ्यांनी! दोन अंशांची चूक रस्त्यापाशी दिसतसुद्धा नाही, पण चाळीस मीटर मागं गेलं की तीच चूक माणसाच्या घरात शिरते. मास्तरांची मागची खोली पडद्यावर दवाखान्याच्या हद्दीत आली होती. तीन आठवड्यांपूर्वी त्याच नकाशाच्या जोरावर ऑफिसच्या लेटरहेडवर त्यांना नोटीस गेली होती, की अतिक्रमण केलेली खोली महिन्याच्या आत पाडा.

नोटीस घेऊन मास्तर ऑफिसात आले होते, ते बाईंना आठवलं. जावयानं त्यांना पडद्यासमोर बसवून खोलीच्या मधून जाणारी लाल रेघ दाखवली होती. मास्तरांनी ना हुज्जत घातली ना आवाज चढवला. बराच वेळ रेघ बघत राहिले आणि चपला घालून निघून गेले.

बाई साहेबांच्या केबिनमध्ये घुसल्या त्या दार न वाजवताच. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी मागवलं आणि मग समजावलं, की नोटीस मागं घेतली तर ऑफिसची अब्रू जाते, मास्तर तर स्वतःच खोली उतरवताहेत, आता उगाच वाद कशाला उकरून काढायचा. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका माणसाचं छप्पर जातंय आणि याला लेटरहेडची पडली आहे! त्यांनी जावयाचा उद्धार केला, मग सासऱ्याचाही केला. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, तपासलं कोणी होतं, तेही एकदा बघून घ्या."

नकाशाच्या कोपऱ्यात, 'तपासले' या चौकटीत, बाईंचीच सही होती. तारीख वाचली आणि तो दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पंख्याखालची त्यांची खुर्ची कोणीतरी पळवली म्हणून त्या अख्ख्या ऑफिसशी भांडत होत्या. भांडता भांडता खिळा पाहिला, जुळतोय म्हणाल्या, सही ठोकली आणि पुन्हा भांडायला वळल्या. दुसरा बिंदू कुठला धरला, हे बाईंना विचारणारं ऑफिसात कोणी नव्हतं.

आता राग काढायचा तरी कोणावर? त्यांनी नकाशा खांबावर नीट बसवला, दोन प्रती छापल्या, दोन्हींवर 'आधीची तपासणी माझी, चूक माझी' असं लिहून सही केली. एक साहेबांच्या टेबलावर टाकली. दुसरी घेऊन तडक निघाल्या. नोकरी गेली खड्ड्यात.

मास्तरांच्या मागच्या खोलीवरचे पत्रे उतरलेले होते. शिलाई मशीन पुढच्या खोलीत कपाटाला खेटून ठेवलेलं. बाईंनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की घर जागेवर आहे, नकाशा चुकला आणि त्यावर सही माझी आहे. मास्तर चिडतील, चार शब्द सुनावतील, अशी त्यांची तयारी होती. खरं तर त्यांना तेच हवं होतं. मास्तरांनी कागद हातात घेतला, पण वाचला नाही.

"ही खोली माझ्या वडिलांनी बांधली," ते म्हणाले. "मला वाटलं, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल? म्हणजे जागा वडिलांनीच चोरली असणार. ते जाऊन अकरा वर्षं झाली, तरी रोज मशीनवर बसताना मी त्यांच्याशी दोन शब्द बोलायचो. तीन आठवडे बोललो नाही."

त्यांनी कपाटामागं हात घालून एक फोटो काढला. भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. गळ्यात टेप घातलेला एक हसरा म्हातारा. मास्तरांनी बाहीनं काच पुसली आणि फोटो मशीनवर उभा केला.

"पत्रे काय, परत चढतील," ते म्हणाले. "तुम्ही आत्ता मला जे सांगितलंत ना बाई, ते यांना सांगा."

बाईंनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला. मग त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, पंख्याखालच्या खुर्चीपासून.