भावोजींचा बोनस

माझे भावोजी बुटांच्या अकरा दुकानांचे जिल्हा व्यवस्थापक. कार्डावर एवढं छापलं की नातेवाइकांना वाटतं, हा माणूस नोटांवर लोळतो. चारचौघांत कुणीतरी विचारतंच, "काय हो, किती मिळतात महिन्याला?" भावोजी म्हणतात, "ते मला वर्षअखेरीस कळतं." लोक हसतात. त्यात हसण्यासारखं काही नसतं.

मूळ पगार दुकानं किती यावर ठरतो. शेजारच्या जिल्ह्याच्या साहेबांकडे वीस दुकानं, म्हणून त्यांचा जास्त. वणवण दोघांची सारखीच. खरी मेख बोनसची. विक्री ठरल्याइतकी व्हायला हवी, माणसं सोडून जाता कामा नयेत आणि माल हरवता कामा नये. तिन्ही जमलं तर चार महिन्यांचा पगार. यंदा विक्री झाली, माणसंही टिकली. माझी ताई इस्पितळात नर्स आहे, बारा-बारा तास उभी असते आणि तिचे गुडघे आता कुरकुरतात. बोनस आला की ती वर्षभर अर्धवेळ काम करणार होती.

तेवढ्यात माशी शिंकली. माल मोजला तर बाजारातल्या दुकानात चौतीस डावे बूट कमी आणि स्टेशनजवळच्या दुकानात चौतीस उजवे.

फळीवर एकाच पायाचा बूट मांडतात, म्हणजे चोराला त्याचा उपयोग नाही. सगळीकडे डावा असतो. स्टेशनजवळ मात्र उजवा. कुणीतरी निवांतपणे दोन्हीकडून उचलून चौतीस जोड जमवले होते. मला तर त्याचं कौतुकच वाटलं. भावोजी हसले नाहीत.

"तिथे उजवा मांडायला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"मीच. गिऱ्हाईक त्या बाजूनं येतं, उजवा उठून दिसतो."

"लेखी दिलं होतं?"

"तोंडी."

मुख्य ऑफिसनं दोष तिथल्या मॅनेजर बाईंच्या माथी मारला होता. चूक दुकानाच्या मॅनेजरची ठरली की हरवलेला माल आणि काढून टाकलेलं माणूस, दोन्ही साहेबांच्या बोनसच्या हिशेबात धरत नाहीत. भावोजींनी तसा अहवाल दिला की बाईंची नोकरी जाणार आणि बोनस शाबूत राहणार.

"त्या म्हणाल्या होत्या, साहेब, बाजारात डावा आहे, घोळ होईल," भावोजी पुटपुटले. "मी म्हटलं, सांगितलंय तेवढं करा."

मी फटकळ आहे. म्हटलं, "भावोजी, गप्प बसा. ताईचे गुडघे बघा जरा." आज ते आठवून माझी मलाच लाज वाटते.

ताई ड्यूटीला निघाली होती, दाराजवळच्या स्टुलावर बसून बूट घालत होती. सगळं तिच्या कानावर पडलं होतं. भावोजींनी तिच्याकडे पाहिलं.

"अहो, त्या बाईंनी आधीच सांगितलं होतं ना तुम्हाला?" तिनंच विचारलं.

"हो."

"मग तसंच लिहा."

ती लेस बांधायला वाकली, पण गुडघा दुमडेना. भावोजी उठले आणि तिच्यासमोर फरशीवर बसले. सेल्समन म्हणून सुरुवात केलेला माणूस. तिचं पाऊल त्यांनी अलगद मांडीवर घेतलं आणि आधी एका बुटाची, मग दुसऱ्याची लेस बांधली.

"बारा तास सुटायची नाही," ते म्हणाले, आणि वर बघेचनात.

ताई गेल्यावर त्यांनी कागद पुढे ओढला. पहिल्याच ओळीत स्वतःचं नाव लिहिलं.