चिकटली कुठं, उगवली कुठून

मी लातूरच्या शिकवणी वर्गांत घोटूनघोटून तयार झालेली. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ठोकायचं, ही आमची शिस्त. नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात निर्मला मॅडमनी पहिल्याच तासाला विचारलं, "मेंदूच्या आवरणाची गाठ कुठून उगवते?" मी ताडकन म्हटलं, "बाहेरच्या जाड आवरणातून!"

"ती चिकटलेली कुठं असते, ते सांगितलंस. उगवते कुठून, ते बघ." त्यांनी मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. जाड आवरणाच्या आत एक पातळ, जाळीदार पडदा असतो. त्याच्यावरच्या पेशींतून ही गाठ वाढते. इतक्या मायेनं माझा पोपट आजवर कुणी केला नाही!

मॅडम विकृतिशास्त्राच्या प्राध्यापिका. काचेवरच्या पेशी पाहून आजाराचं नाव सांगणं, हे त्यांचं काम. कुणी नुसतं "मेंदूची गाठ" लिहिलं की त्या कागद परत पाठवत. आम्हाला वाटे, काय हा शब्दांचा कीस!

मग किल्लारीच्या सरूबाई आल्या. भूकंपात त्यांची दोन्ही लेकरं गेली होती. बऱ्याच वर्षांनी डोक्यात गाठ निघाली, नजर जाऊ लागली, तरी त्या शस्त्रक्रियेला तयार होईनात. सर्जननी हात टेकले आणि मॅडमना बोलावलं. मॅडम त्यांच्या खाटेवर जाऊन बसल्या.

"लेकरांचा फोटो न्हाई," सरूबाई म्हणाल्या. "त्यांची तोंडं तेवढी मेंदूत हायेत. अन् तुमी मेंदूच कापून राहिले."

मॅडमनी भुईमुगाची शेंग मागवून फोडली. "टरफल म्हणजे कवटी. दाणा म्हणजे मेंदू. दाण्यावरची ही लाल साल बघा. गाठ अशाच पडद्यातून उठली, दाण्यातून न्हाई. ती बाहेरून मेंदूला दाबून राहिली. धोका हाय, खोटं सांगणार न्हाई."

"दाणा हाय तसा ठेवताल न्हवं?"

"त्याचीच तर सगळी खटपट हाय."

सरूबाई तयार झाल्या. गाठ निघाली. काचेवर तिच्या पेशी मीही पाहिल्या. मॅडमनी सांगितलं होतं, त्याच पडद्याच्या.

शुद्धीवर आलेल्या सरूबाईंनी मॅडमना पाहिलं आणि आधी दोन नावं उच्चारली, "बालाजी. मीरा." मग त्यांचा हात धरला. "बाई, तुमी लई जगा. माझ्या लेकरांची नावं आता तुमाला बी म्हाईत झाली." मॅडमना रडू आवरलं नाही, मलाही नाही.

आज मॅडमच्या पंचाहत्तरीला मी शब्द शोधत बसले, पण सरूबाईंपुढे सगळे फिके पडले. मॅडम, लई जगा, धडधाकट राहा. ती दोन नावं तुमच्यापाशी आहेत.