पडद्याआडचा वजनकाटा

आमच्या गोऱ्या बाई पेशंटखेरीज दुसऱ्या कुणाचं ऐकूनच घेत नसत. सून पोट धरून बसलीय आणि तिच्या वतीने सासू बोलतेय, हे त्यांना बघवायचं नाही. "पोट तिचं, मग तुम्ही का बोलता?" असं त्या मोडक्यातोडक्या मराठीत सरळ विचारत. सासूबाई फणकाऱ्याने उठायच्या आणि त्यांच्यामागून सूनही.

बाई रशियात शिकलेल्या डॉक्टर. अंबरनाथच्या कारखान्यातले एक इंजिनियर तिकडे शिकायला गेले, ते यांच्याशी लग्न करूनच परतले. बाईंचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गोऱ्या बाई. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्या बदलापूरच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करू लागल्या. मी तिथे नर्स होते. 'जीव घाबरतो', 'अंगावरून जातं', 'कसंतरीच होतं' ही आमच्याकडची दुखणी त्या माझ्याकडून शिकल्या. "कसंतरीच म्हणजे नेमकं कुठे?" असं विचारून त्यांनी मला भंडावून सोडलं होतं. आता मी काय सांगणार, कप्पाळ!

बायका यायच्या कमी झाल्या तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं, "बाई, इथे सुनेला सासूच घेऊन येते. सासू दुखावली तर सून घरीच राहील." ते काही खोटं नव्हतं. बाईंनी मनावर घेतलं. आधी सासूला नमस्कार, मग तिच्याकडेच चौकशी. दवाखाना पुन्हा भरू लागला. "आता तुम्ही आमच्यातल्या झालात," असं मोठे डॉक्टर म्हणाले तेव्हा बाई किती खूश झाल्या होत्या!

त्याच सुमारास चामटोलीची एक म्हातारी नव्या सुनेला घेऊन आली. पोरीच्या ओटीपोटात दुखत होतं.

"पाळीचं काय?" बाईंनी म्हातारीला विचारलं.

"टायमावर हाय. शिळं खाल्लंय तिनं."

पोरगी मान खाली घालून गप्प. पाळी चुकल्याचं तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. बाईंनी पोटाचं औषध दिलं. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला होता. नळी फुटली आणि कल्याणला नेतानाच पोरगी गेली.

बाई मला घेऊन चामटोलीला गेल्या. अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "चूक माझी. मी तिला विचारलं नाही." म्हातारीने दार लावून घेतलं. असं कुणी कबूल करतं का, म्हणून मोठे डॉक्टर भयंकर संतापले. मला मात्र बाईंचे पाय धरावेसे वाटले.

त्यानंतर बाईंनी वजनकाटा पडद्याआड नेला. "वजन एकटीचंच करतात," असं सासूला अदबीने सांगायच्या आणि आत हळू आवाजात सुनेला सगळं विचारायच्या. "तुमच्याकडे वजनाला फार वेळ लागतो बाई," म्हणत सासवा बाकावर निवांत बसायच्या. कितीतरी जणी त्या पडद्याआड रडून मोकळ्या झाल्या. बाई स्वतः मात्र पूर्वीसारख्या खळखळून हसल्या नाहीत.

मग तिकडे रशियात त्यांचे वडील अंथरुणाला खिळले. नवऱ्यासह बाई गेल्या, त्या कायमच्या. निघताना मला जवळ घेऊन म्हणाल्या, "ती मुलगी मला रोज दिसते."

पुढच्याच महिन्यात चामटोलीची ती म्हातारी धाकट्या सुनेला घेऊन आली. म्हातारी आत आलीच नाही. दारातच तिने सुनेचा हात माझ्या हातात दिला.

"हिला एकलीला गोऱ्या बाईंकडं ने. काय इचारायचं ते हिलाच इचारा म्हणावं. मी भायेर बसते."

बाई मायदेशी गेल्या, हे तिला न सांगताच मी सुनेला पडद्याआड वजनकाट्याकडे नेलं.