फादर म्हंतस

फादरांचं पाऊण तासाचं प्रवचन नाना दीड वाक्यात गुंडाळायचा. फादर खाली बसले की हा वेदीच्या पायरीपाशी उभा राहायचा, खाकरायचा आणि मागे सतरंजीवर बसलेल्या बायांना अहिराणीत सांगायचा, "फादर म्हंतस, शेजारीन आजारी शे तर भाकर लई जा. बस." झालं! कृपा, तारण, पवित्र आत्मा, सगळ्याचं एका भाकरीत वाटोळं.

मला त्याचा तिटकारा होता. मी हायस्कुलात मराठी शिकवतो, रविवारच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, बायबलची वाचनं करतो, पॅरिश कौन्सिलात आहे. आणि आमचा धर्मशिक्षक कोण, तर हा सातवी नापास! गीतांच्या पुस्तकात खूण म्हणून तंबाखूची पुडी ठेवायचा. गाणं सांगताना पान उघडलं की पुढच्या दोन रांगा शिंकायच्या.

फादर दक्षिणेकडचे. पुस्तकातून मराठी शिकलेले, इतकी शुद्ध की धुळ्याच्या स्टँडवर त्या भाषेत चहा मागितला तर टपरीवाला हात जोडेल. अहिराणी त्यांना ओ की ठो कळायची नाही, आणि शिकून घ्यावी असं कधी वाटलंही नाही. मी मात्र दर रविवारी "काय बोललात फादर!" म्हणायला पुढे. एकदा नानाने मला अडवलं. "मास्तर, तू मराठी भारी बोलस. पन कोनसंगे?" गाढवाला गुळाची चव काय, म्हणून मी सोडून दिलं.

मग शांताक्काचं प्रकरण झालं. शांताक्का आमच्यातली विधवा. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून भाऊबंदांनी त्यांच्याशी जेवणखाण तोडलेलं. आमच्याकडे कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट फक्त भाऊबंद खातात, परक्याला तुकडा मिळत नाही. वीस वर्षं श्रावणात तिच्या दारावरून रोटांच्या दळणाचे डबे जायचे आणि ही बघत बसायची. त्या वर्षी धाकटा दीर स्वतः आला, "वहिनी, रोटले ये" म्हणाला. ती गेली आणि पोटभर जेवली.

ही बातमी फादरांच्या कानावर कुणी घातली? मी. धर्माचा मक्ता माझ्याकडेच होता ना!

रविवारी फादर कडाडले. "आपल्यातील एका भगिनीने मूर्तीपुढील नैवेद्य भक्षण केला आहे. जाहीर पश्चात्ताप करेपर्यंत तिने ख्रिस्तप्रसादास येऊ नये." पुढच्या रांगांनी माना वळवल्या. शब्द कळले नाहीत तरी माना कळतात. शांताक्काने पदर तोंडावर घेतला. वीस वर्षांनी एका घरचं ताट मिळालं, तर दुसऱ्या घरचं ओढून घेतलं जात होतं. ती बाई जाणार कुठे?

नाना उठला. खाकरला. नेमकं माझ्याकडे बघितलं, पायात काहीतरी घाण लागल्यावर माणूस बघतो तसं. मग बायांकडे वळला.

"फादर म्हंतस, शांताक्काले तिना भाऊबंदस्नी वीस वरीसमा पहिलांदाव जेवाले बलायं. तुटेल घर जुडनं. देवनी मोठी कृपा शे. म्हनीसन आज अक्का बठ्ठास्ना पुढे येई."

शांताक्का रडायला लागली, तिला बघून सगळ्या बाया. ती सगळ्यात आधी वेदीपुढे आली, डोळ्यांना धारा. फादरांनी ते पाणी बघितलं, समाधानाने मान हलवली आणि ख्रिस्तप्रसाद तिच्या जिभेवर ठेवला. मिस्सेनंतर मला म्हणाले, "पाहिलंत मास्तर? केवढा पश्चात्ताप! प्रवचनाचा परिणाम!"

अहिराणी माझ्या आईची भाषा. नाना काय बोलला ते मला शब्दन् शब्द कळलं होतं. एक वाक्य सांगितलं असतं तर नानाची त्याच दिवशी हकालपट्टी. मी "हो फादर" म्हणालो. मोठेपणा वगैरे काही नाही, माझी मलाच शिसारी आली होती.

बाहेर नाना तंबाखू चोळत उभा होता.

"सांगं का?"

"नाही, नाना."

"मंग थोडाफार कामना शेस," म्हणाला आणि चालू लागला.

गेल्या उपवासकाळात नाना वारला. फादर पाऊण तास बोलले. इहलोकीची यात्रा, शाश्वत जीवन, अनंत विश्रांती. नानाचं नाव त्यात एकदा आलं असेल. ते खाली बसले. बाया सवयीने पायरीकडे बघत राहिल्या. तिथे कुणीच उभं राहिलं नाही, पायरीपुढे शवपेटी तेवढी होती.

मागून शांताक्काने विचारलं, "मास्तर, काय म्हंतस फादर?"

मी उठलो. पायरीपाशी गेलो, खाकरलो. आयुष्यभर चांगलं मराठी बोललो, त्यातला एक शब्द जवळ आला नाही.

"फादर म्हंतस, आपला नाना गया."

तेव्हा कुठे बायांनी हंबरडा फोडला. मीही रडत होतो.