दारूचा खोकला

चाँदबीच्या गल्लीत दारू म्हटलं की फटाक्याची. दुसरीला ‘पिण्याची’ असं वेगळं सांगावं लागतं. तेरखेड्याच्या ज्या कारखान्यात ती कामाला आहे, तिथं वर्षभर दारू मिसळायची, भरायची, वाती लावायच्या, त्यामुळं बायकांना खोकला असतोच. दारूचा खोकला. तो कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

चाँदबी वाती लावत नाही. ती फाटकावर असते. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईची झडती घेणं हे तिचं काम. मोबाईल, काडेपेटी, विडी, केसातली लोखंडी पिन, कशालाही आत वाट नाही. हात साडीवरून फिरतो तेव्हा डोळे समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर असतात, कारण वस्तू लपते, चेहरा लपत नाही, असं तिचं मत. एकदा लक्ष्मीबाईच्या चंचीत सुपारीखाली एकच काडी सापडली.

“दात कोरायला आणलीय गं,” लक्ष्मीबाई म्हणाली.

“दात घरी कोरायचे.” चाँदबीनं तिला त्या दिवशी कामावर घेतलंच नाही.

“ही बया कबरीत गेली तर फरिश्त्यांची झडती घेईल,” असं लक्ष्मीबाई तेव्हापासून सांगत फिरते. चाँदबीला त्यात वावगं वाटत नाही. तिच्या पाळीत कारखान्यात कधी ठिणगी पडलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात सून फरहाना बाळंत झाली. मुलगी झाली. मिस्बाह नाव ठेवलं. बाळंतिणीचा चिल्ला म्हणजे चाळीस दिवस खोलीबाहेर पडायचं नाही आणि परक्यानं आत यायचं नाही. चाँदबीनं कामावरून सुट्टी घेतली आणि फाटक घरी आणलं. मुलगा अल्ताफ येरमाळ्याला हायवेवर पंक्चरच्या दुकानात असतो. तो आला की आधी अंघोळ, मग बायको-लेकीचं तोंड. शेजारणींनी दारातूनच बाळाला दुवा द्यायची. फरहानाची बहीण रुकसाना येरमाळ्याहून शेवयाचा डबा घेऊन आली, तिचं तीन वर्षांचं पोर खोकत होतं. चाँदबीनं तिला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. अंगणात चहा पाजला, गप्पा केल्या आणि संध्याकाळच्या एसटीला बसवून दिलं. फरहाना आत रडत होती, ते चाँदबीला ऐकू आलं. रडू दे, पोरगी जगली म्हणजे झालं, असा तिचा हिशेब होता.

पुढं स्वतः चाँदबीलाच ठसका सुरू झाला. कामावर नसतानाही दारू छातीतून निघायला वेळ लागतो, असं ती म्हणाली आणि विषय संपला. बाळाला तेल लावणं, शेक देणं, खांद्यावर घेऊन ढेकर काढणं तिच्याचकडे होतं. उबळ आली की ती पदर तोंडावर धरायची, आणि त्याच पदरानं बाळाचं तोंड पुसायची.

चिल्ला संपत आला होता. मिस्बाहनं दूध ओढणं कमी केलं. खोकला म्हणावा तर फारसा नव्हता. पण एका सकाळी पिता पिता ती थांबली, चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला, आणि श्वासच येईना. फरहानानं तिला पालथं करून पाठ चोळली तेव्हा कुठं ती रडली. तासाभरात अल्ताफनं मित्राची जीप आणली आणि सगळे धाराशिवला दवाखान्यात पोहोचले.

जीपमध्ये चाँदबीनं चौकशी उरकून घेतली.

“म्या विहिरीवर गेले तवा रुकसाना पुन्हा आली व्हती का?”

“न्हाय, अम्मी.”

“शेजारची? तिची नातवंडं?”

“तुम्ही कुणाला येऊ दिलं, तर येणार.”

“मग रोग काय खिडकीतनं आला?”

फरहाना मान खाली घालून बाळाचं दुपटं सारखं करू लागली. चाँदबीनं चेहरा बघितला. काहीतरी लपवतेय, असं तिला वाटलं.

दवाखान्यात बाळाला ऑक्सिजन लावला, रक्त घेतलं, नाकात बारीक काडी घालून नमुना घेतला. डॉक्टर शिवांजली नाशिककडच्या, या भागात नव्या होत्या. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी तिघांना बाहेर बोलावलं. डांग्या खोकला असावा, म्हणाल्या. पांढऱ्या पेशी फार वाढल्यात.

“पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात ना?” अल्ताफनं विचारलं. “मग वाढल्या तर चांगलंच की.”

“लढायला घशात, छातीत उतरायला हव्यात. या जंतूचं विष त्यांना रक्तातच अडकवून ठेवतं. सैन्य भरपूर, पण वेशीतच कोंडलेलं.”

चाँदबीला हे पटलं नाही. “डांग्याला पोर ‘हुप’ करतं. ही तर खोकत बी न्हाय.”

“इतक्या लहान बाळात तसंच होतं. आवाज येत नाही, श्वास थांबतो. घरात कुणाला बरेच दिवस खोकला आहे?”

“न्हाय,” चाँदबी म्हणाली, आणि तिथंच तिला उबळ आली. लांबलचक. शेवटी भिंत धरावी लागली.

“मावशी, हा कधीपासून?”

“ह्यो दारूचा हाय.”

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. “रोज घेता?”

“आता न्हाय. चिल्ला लागल्यापासनं सुट्टीवर हाय.”

अल्ताफ घाईनं मध्ये पडला. “म्याडम, फटाक्याची दारू. अम्मी कारखान्यात हाय.”

डॉक्टर हसल्या नाहीत. “म्हणजे दारूपासून लांब आहात. मग घरी बसून खोकला वाढला कसा?”

आपल्याला डांग्या असूच शकत नाही, असं चाँदबीचं उत्तर होतं. तिला लहानपणी डांग्या होऊन गेला होता, आईनं सांगितलं होतं, आणि एकदा झालेला पुन्हा होत नाही.

“होतो. शरीर एकदा शिकतं, पण वर्षं गेली की विसरतं. लसीचंही तसंच. मोठ्याला नुसता खोकला येतो, तो हिंडत-फिरत राहतो. बाळ अजून काहीच शिकलेलं नाही. दीड महिन्याला पहिली लस असते, तिथवर आईच्या रक्तातून आलेली शिदोरी. आईचीच संपलेली असली तर बाळाला कुठून मिळणार?”

“म्हंजी तिच्यात कमी हाय,” चाँदबीनं फरहानाकडे बोट केलं.

“कमी तुमच्यातही आहे. तुमचाही नमुना घेऊ.”

नाकात काडी घालून घेताना चाँदबीनं काडीचं पाकीट आपल्यासमोरच फोडलं का, नळीवर नाव कुणाचं लिहिलं, सगळं पाहून घेतलं. मग बाकावर बसून ती जुना खोकला आणि हा खोकला ताडून पाहू लागली. दारूचा खोकला कारखान्याच्या शेडजवळ येतो, थुंकी काळपट असते, सुट्टीत उतरतो. हा घरीच सुरू झाला. थुंकी पांढरी, आणि उबळ संपताना उलटी. फाटकावर एखादीनं असं उत्तर दिलं असतं तर तिनं तिला सोडलं नसतं.

“तरी रुकसानाचंच पोर,” ती शेवटी म्हणाली. “म्या म्हणतच व्हते.”

फरहाना काचेतून बाळाकडे बघत होती. मान न वळवता म्हणाली, “असंल. त्या दिवशी त्याला मांडीवर घिऊन बिस्कीट चारत कोण बसलं व्हतं, अम्मी?”

चाँदबीला तो दिवस आठवला. पोर रडत होतं, त्याच्या आईला ती आत जाऊ देत नव्हती, म्हणून तिनंच उचलून घेतलं होतं. ते तिच्या तोंडावर खोकलं होतं, तेही आठवलं.

दोन्ही नमुन्यांत तोच जंतू निघाला. कुणाकडून कुणाला, हे कागद सांगत नाही, डॉक्टर म्हणाल्या. चाँदबीनं तो कागद अल्ताफकडून दोनदा वाचून घेतला. मग विचारलं, “येरमाळ्याच्या पोराचा बी नमुना घेत्यात का?” डॉक्टरांनी त्यालाही आणि घरातल्या सगळ्यांना औषध लिहून दिलं. पाच दिवस, एकही गोळी चुकवायची नाही.

मिस्बाहचा श्वास आणखी दोनदा अडकला, मग नाही. घरी यायला दोन आठवडे लागले. तोवर चाँदबीचा पाच दिवसांचा कोर्स होऊन गेला होता, निदान तिनं तसं सांगितलं होतं. जीप अंगणात थांबली. बाळ अल्ताफच्या हातात देऊन फरहाना आधी उतरली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. सासू अंगणात, सून दारात.

“अम्मी, गोळ्या झाल्या?”

“झाल्या की.”

“पाकीट दावा.”

अल्ताफ मध्ये काही बोलणार होता, चाँदबीनं हातानं थांबवलं. कमरेच्या बटव्यातून गोळ्यांचं पाकीट काढून तिनं सुनेच्या हातात दिलं. फरहानानं फुटलेल्या खोबणी बोटानं मोजल्या आणि पाकीट परत करू लागली.

“असं न्हाय,” चाँदबी म्हणाली. “गोळी काढून फेकून देणारी बी असती. माझा चेहरा बघून मोज.”

फरहानानं तिच्या डोळ्यात बघून पुन्हा मोजल्या. मग दारातून बाजूला झाली.